रामानुजन यांचे अनुमान आणि हंसराज गुप्ता यांचे कोष्टक

चंडीगड : येथील पंजाब विद्यापीठाचा गणित विभाग नावारूपास आणणाऱ्या हंसराज गुप्ता यांचे नाव संख्याशास्त्राच्या इतिहासात एका पंधरा अंकी संख्येशी कायमचे जोडले गेले आहे. ९ ऑक्टोबर १९०२ रोजी रावळपिंडी येथे जन्मलेल्या गुप्ता यांनी ती संख्या संगणकाचे युग सुरू होण्यापूर्वी काढली होती.

त्यांचा विषय होता पूर्णांकांची विभाजने. ४ ही संख्या ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१ अशा पाच प्रकारे लिहिता येते, म्हणून ४ ची विभाजनसंख्या ५. वरवर पाहता हा मुलांचा खेळ वाटतो; परंतु १०० ची विभाजनसंख्या १९,०५,६९,२९२ इतकी होते. मॅकमोहन यांनी तयार केलेले २०० पर्यंतचे कोष्टक न्याहाळताना श्रीनिवास रामानुजन यांना ५, ७ आणि ११ या मूळ संख्यांचा विलक्षण ठसा त्यात दिसला. त्यावरून १९१९ मध्ये त्यांनी व्यापक अनुमान मांडले. ज्या संख्येच्या चोवीसपटीतून १ वजा केल्यास ५, ७ किंवा ११ यांच्या एखाद्या घाताने निःशेष भाग जातो, तिच्या विभाजनसंख्येलाही त्याच घाताने भाग जातो, असा त्याचा आशय होता.

गुप्ता यांनी कोष्टक ३०० पर्यंत नेले. या कामात पुढची संख्या आधीच्या संख्यांवर उभी असते; मध्येच एक अंक चुकला की पुढची सारी पाने व्यर्थ. अशा कोष्टकांना केवळ आकडेमोड म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. २४३ ची चोवीसपट उणे १ म्हणजे ५८३१, आणि तिला ३४३ ने, म्हणजे ७ च्या घनाने, भाग जातो. ३४३ साठी अनुमानाची कसोटी घेता येईल अशी ही सर्वांत लहान संख्या. ती मॅकमोहन यांच्या कोष्टकाबाहेर राहिली होती. गुप्ता यांच्या कोष्टकात २४३ ची विभाजनसंख्या १३,३९,७८,२५,९३,४४,८८८ अशी होती. तिला ४९ ने भाग जातो, ३४३ ने जात नाही. सर्वदमन चावला यांच्या हे लक्षात आले आणि १९३४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. रामानुजन यांच्या निधनानंतर चौदा वर्षांनी त्यांचे अनुमान ७ पुरते ढासळले.

मात्र ते निकालात निघाले नाही. १९३८ मध्ये वॉटसन यांनी ७ साठी दुरुस्त रूप सिद्ध केले, ५ साठी मूळ विधानच खरे ठरले, आणि ११ ची सिद्धता अॅटकिन यांनी १९६७ मध्ये दिली.

दरम्यान गुप्ता यांनी १९३७ पर्यंत कोष्टक ६०० वर नेले होते. रॉयल सोसायटीच्या गणिती कोष्टकमालेतील १९५८ च्या विभाजनखंडावर ग्विदर व मिलर यांच्यासह त्यांचे नाव आहे. देवळालीचे द. रा. कापरेकर याच काळात शाळेत शिकवता शिकवता संख्यांचे गुणधर्म शोधत होते, हे मराठी वाचकांना आठवेल.

फाळणीनंतर विद्यापीठाचे लाहोर सुटले. होशियारपूरला थाटलेला गणित विभाग पुढे चंडीगडला आला. तेथे गुप्ता आणि राम प्रकाश बंबा यांच्याभोवती संख्याशास्त्राची परंपरा रुजली. १९६३ मध्ये विभागाला प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा मिळाला. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या सुमारास गुप्ता यांचा संख्याशास्त्रातील निवडक विषयांवरील ग्रंथ प्रकाशित झाला. २३ नोव्हेंबर १९८८ रोजी त्यांचे निधन झाले.