आगरकरांचे एकशे एक दिवस

गेल्या वर्षी आमच्या वसतिगृहाच्या भित्तिपत्रकाचे काम माझ्याकडे आले होते. एके दिवशी एका मित्राने मला एक पावती आणून दिली. खानावळीच्या कंत्राटदाराने आमच्या वाट्याची साखर बाजारात विकली, असे त्या पावतीवरून दिसत होते. कंत्राटदारावर आम्हां सर्वांचाच राग होता. रोज पातळ आमटी आणि कच्च्या पोळ्या खाणाऱ्याला आणखी पुरावा कशाला हवा? मी ठळक अक्षरांत मजकूर लिहिला आणि त्याच रात्री तो भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी भिंतीपुढे ही गर्दी! कितीतरी जणांनी पाठ थोपटली. चार दिवसांनी कळले, की पावती दुसऱ्याच एका माणसाची होती. दोघांचे नाव तेवढे सारखे होते.

मी खुलासा केला, पण कसा? खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, दोन ओळी. आमच्या मराठीच्या सरांनी तो वाचला. ते रागावले नाहीत. ग्रंथालयातून गोपाळ गणेश आगरकरांचे चरित्र काढून त्यांनी माझ्या हातात ठेवले. ते वाचताना जे मनात आले, ते या लेखात मांडीत आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची गरिबी एवढी, की शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण त्यांना करावी लागली. १८७५ साली ते अकोल्याहून मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगावरचा एकच सदरा रात्री धुवून सकाळी पुन्हा घालणारा हा विद्यार्थी एम. ए. झाला. त्या काळी एम. ए. झालेल्याला मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळे. आगरकरांनी ती वाट मुद्दाम सोडली. पोटापुरता पगार घेऊन लोकशिक्षण करण्याचा निश्चय त्यांनी आईला पत्राने कळविला. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी जानेवारी १८८० मध्ये काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलच्या कामाला ते येऊन मिळाले. पुढच्याच जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’चे संपादक आगरकर झाले. वय अवघे चोवीस.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग आपण नेहमी अभिमानाने सांगतो, पण त्यातली अडचणीची बाजू सांगत नाही. तो म्हणजे कोल्हापूर प्रकरण. कोल्हापूरचे महाराज चौथे शिवाजी हे दत्तक घेतलेले, विशीच्याही आतले. ते वेडे आहेत असे सरकार म्हणे, आणि त्यांचा छळ करून त्यांना वेडे ठरविले जात आहे असे लोक म्हणत. या छळाचा दोष लोक दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडे देत. सारा महाराष्ट्र हळहळत होता. अशा वेळी बर्वे यांची म्हणून काही पत्रे पुण्यात आली. महाराजांविरुद्धच्या कटात दिवाणांचा हात आहे, असे त्यांतून दिसत होते. टिळक आणि आगरकर यांनी ती खरी मानली, आणि त्यांच्या आधाराने दिवाणांवर जाहीर आरोप केले.

बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. पत्रांची छाननी झाली आणि ती बनावट निघाली. दोघांनीही माफी मागितली. तरीही १७ जुलै १८८२ रोजी त्यांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. आगरकरांना सव्विसावे वर्ष पुरे होऊन त्या दिवशी तीनच दिवस झाले होते. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले आणि २६ ऑक्टोबरला ते सुटले. खटल्याच्या वेळी जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक समाजाच्या रामशेठ उरवणे यांनी जामिनाची सोय केली होती. ‘केसरी’कारांची आणि जोतीरावांची मते किती भिन्न, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मदतीचे मोल कळते.

तुरुंगातून सुटल्यावर दोघांचे स्वागत वीरांसारखे झाले. आगरकरांनी त्या दिवसांवर एक पुस्तकही लिहिले. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, आपल्यावर नेमलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे लोकांची काळजी पोकळ नव्हती. येथेच माझ्यासारख्या वाचकाची गल्लत होते. काळजी खरी होती, तेव्हा आरोपही खराच असला पाहिजे, असे मन म्हणू लागते. पण महाराजांचे हाल खरे असले, तरी त्यामुळे खोटे पत्र खरे होत नाही. बर्वे लोकांना कितीही अप्रिय असोत, त्यांनी न लिहिलेल्या पत्राचा डाग त्यांच्या नावाला लागला होता. संपादकाचे अंतःकरण योग्य जागी असणे पुरेसे नाही. हातातला कागद कोठून आला, हे त्याने पाहिलेच पाहिजे. उलट, ज्या बाजूला आपले अंतःकरण आहे, त्या बाजूचा कागद अधिक बारकाईने पाहिला पाहिजे, कारण तोच आपल्याला सर्वांत लवकर पटतो.

पुढे ‘केसरी’च्या मंडळींशी सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर आगरकरांचे मतभेद वाढले. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले पाहत. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रीशिक्षण, जातिभेद या विषयांवर आगरकर लिहीत राहिले. नुसता शिव्यांचा भडिमार करून नव्हे, तर कारणे देऊन, वाचकाच्या बुद्धीला आवाहन करून. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा केले. ‘सुधारक’ त्या कायद्याच्या बाजूने उभा राहिला, ‘केसरी’ विरुद्ध बाजूने. डोंगरीतले दोन सोबती समोरासमोर आले. आगरकरांवर लोक इतके संतापले, की ते जिवंत असतानाच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली.

चरित्रातल्या या जागेवर मी बराच वेळ थांबलो. जो संपादक खोट्या पत्राला फसला, त्याला लोकांनी डोक्यावर घेतले. तोच संपादक विचारपूर्वक, पुराव्यानिशी लिहू लागला, तेव्हा त्याची तिरडी बांधली! लोकांनी स्वागत केले ते त्यांच्या देशप्रेमाचे, हे खरे, चुकीचे नव्हे. तरीही भिंतीपुढची गर्दी आणि पाठीवरची थाप यांवरून मजकुराचा खरेपणा ठरत नाही, एवढे मला त्यातून उमगले. डोंगरीच्या दिवसांनी आगरकरांना काय शिकविले, हे तेच जाणोत. पण वाचकाला रुचेल ते लिहिण्याचा मोह त्यांनी पुढे कधी धरला नाही, एवढे ‘सुधारक’चा कोणताही निबंध वाचला तरी दिसते.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दमा मात्र पाठ सोडीत नव्हता. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, ते गेले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून थोडे पैसे त्यांनी उशाशी बांधून ठेवले होते, असे सांगतात. त्यांच्यावरचा मृत्युलेख लिहिताना टिळकांना अश्रू आवरले नाहीत, असेही सांगतात.

आज वृत्तपत्रे आहेत, दूरदर्शन आहे, खिशातल्या फोनवर क्षणाक्षणाला बातम्या येतात. पक्षपाताबद्दल आपण सारे वृत्तपत्रांना नावे ठेवतो. पण पक्षपात नेहमी विकत घेतलेला नसतो. पुष्कळदा तो आपल्या रागातून, आपल्या दयेतून, एवढेच काय आपल्या न्यायबुद्धीतूनही येतो. म्हणून तो ओळखणे कठीण. आगरकरांसारख्या निःस्पृह माणसालाही तो पहिल्या फेरीत ओळखता आला नाही, मग तुमची-आमची काय कथा!

चरित्र परत केले त्या दिवशी मी भित्तिपत्रकावरचा जुना खुलासा काढला. आरोप जेथे लावला होता तेथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, नवा लावला. वाचायला फारसे कोणी आले नाही. ज्या मित्राने पावती आणली, तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. कंत्राटदार मात्र येऊन गेला. हात मागे बांधून त्याने सारे वाचले आणि काही न बोलता निघून गेला. दुसऱ्या दिवशीची आमटी पूर्वीइतकीच पातळ होती. त्याबद्दल मी पुन्हा लिहिले. पण या वेळी आठवडाभर स्वतः स्वयंपाकघरात उभे राहून, किती जणांना किती डाळ शिजते, हे मोजून.