सी. के. नायडूंचा षटकार आणि साठीतले स्नायू

अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोरांना षटकार म्हणजे दंडाचं काम वाटतं. भारतीय क्रिकेटचा पहिला मोठा षटकारवीर मात्र उंच, सडपातळ गडी होता. कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरला झाला. पुढे वऱ्हाडचा कारभारही ज्या शहरातून चालू लागला, त्याच शहरात हिस्लॉपच्या शाळेत ते शिकले आणि तिथेच क्रिकेटला लागले.

१९१६ मध्ये हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध ते प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळले. सात गडी बाद झालेले. नायडूंनी तीन चेंडू रोखले आणि चौथ्यावर षटकार मारला. दहा वर्षांनी, १९२६ च्या डिसेंबरात, मुंबई जिमखान्यावर एमसीसीच्या गाय अर्ल यांनी आठ षटकार ठोकून शतक काढलं होतं. नायडूंनी उत्तर दिलं ते दोन तासांच्या आत १५३ धावा करून. त्यात १३ चौकार आणि ११ षटकार! पाहुण्यांनी त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

हे बळ येतं कुठून? चेंडू जेमतेम १६० ग्रॅमचा, आणि बॅटशी त्याची गाठ सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरती. तेवढ्यात सगळा हिशेब बॅटच्या वेगाचा. बॅटचं वजन दुप्पट केलं तर तिची ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर चौपट. हा वेग पायापासून निघतो, मग कंबर, खांदा आणि शेवटी मनगट. क्रम चुकला की पैलवानाचा फटकाही तीस यार्डांत झेल होतो. नायडूंचे लांब हात बॅटला मोठी फेरी देत. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १६१८ धावा केल्या. लॉर्ड्सवरच्या भारताच्या पहिल्या कसोटीत ते कर्णधार होते, आणि हाताला दुखापत असताना पहिल्या डावात संघातल्या सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या.

दुखणं अंगावर काढण्याची ही सवय पुढेही राहिली. पंचावन्नी उलटल्यावर होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध खेळताना दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसला, दात पडले. नायडूंनी ते खेळपट्टीवरून बाजूला सारले आणि खेळत राहिले. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, पण तिचं अनुकरण करू नये. मोठ्या माणसाचा पडलेला दात मुळाला हात न लावता उचलून, दुधात ठेवून अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे नेला तर पुन्हा बसू शकतो. आणि तोंडावर किंवा डोक्यावर मार बसल्यावर चक्कर, मळमळ, गोंधळ वाटला तर त्या दिवशी खेळ बंदच.

त्यांच्याकडून घ्यावी ती दुसरी गोष्ट. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात. त्यातही झटकन आखडणारे तंतू आधी बारीक होतात, म्हणून ताकदीच्या आधी झटका जातो. जिना चढताना, तोल सावरताना हाच झटका लागतो. चालण्याने दम टिकतो, स्नायूंसाठी मात्र वजन उचलावं लागतं, उठाबशा काढाव्या लागतात. सत्तरीतही त्याचा उपयोग होतो. नायडू इंदूरला होळकरांच्या फौजेत होते आणि मैदान त्यांनी सोडलंच नाही. १९४१ मध्ये त्यांनी एका लिव्हर टॉनिकची जाहिरातही केली, पण त्यांच्या तब्येतीचं श्रेय त्या बाटलीला देण्याचं कारण नाही. १९५६-५७ च्या रणजी हंगामात, ६१ व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशकडून उतरले आणि राजस्थानविरुद्ध ८४ धावा काढल्या.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचं निधन झालं. तरुणांची कर्नल सी. के. नायडू करंडक स्पर्धा त्यांच्याच नावाने आहे.