देवळालीच्या मास्तरांचे टपाल

नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात १९२६ पासून देशाची टपाल तिकिटे छापली जातात, हे नाशिककरांना ठाऊक असते. त्या छापखान्याच्या शेजारच्याच गावात, देवळालीत, एक शाळामास्तर राहत होते. ती तिकिटे पाकिटांवर डकवून त्यांनी आकड्यांविषयीची आपली टिपणे थेट न्यूयॉर्कपर्यंत पाठवली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्या मास्तरांचे नाव. त्यांचा ६१७४ हा आकडा आज जगभरच्या गणितवेड्या मुलांना माहीत असतो. पण तो देवळालीतून जगापर्यंत पोचला कसा, ही हकीकत मला त्या आकड्याइतकीच ओढून घेते. पाठीशी विद्यापीठ नाही, नावापुढे मोठी पदवी नाही. संशोधन करायचे आणि ते चार जाणकारांच्या कानांवर घालण्याची खटपटही आपणच करायची, असा हा संसार होता.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. वडील कारकून, आणि त्यांना ज्योतिषाचा नाद. पत्रिका मांडायला खोल गणित लागत नाही, पण आकडेमोड पुष्कळ लागते. तिची गोडी मुलाला घरातच लागली. मुलगा आठ वर्षांचा असताना आई गेली आणि वडिलांनीच त्याला वाढवले. शाळा ठाण्याला झाली, कॉलेज पुण्याला, फर्ग्युसनमध्ये. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक पाठांतराला नव्हते, विद्यार्थ्याने स्वतंत्र बुद्धीने केलेल्या कामाला होते. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. पुढे एम.एस्सी. नाही की डॉक्टरेट नाही. १९३० मध्ये ते देवळालीला शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले.

फर्ग्युसनचा मुक्काम त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचा वाटतो, तो केवळ पारितोषिकामुळे नव्हे. भारतातल्या गणितप्रेमींची पहिली मोठी संस्था, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी, १९०७ साली स्थापन झाली ती रामस्वामी अय्यर नावाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने. ते डेप्युटी कलेक्टर होते, प्राध्यापक नव्हते. परदेशी नियतकालिके एकेकट्याला परवडत नाहीत, म्हणून वर्गणी काढून ती मागवायची आणि सभासदांना टपालाने फिरवायची, असा साधा हिशेब त्यामागे होता. या संस्थेचे ग्रंथालय होते फर्ग्युसन कॉलेजात. पुढे संस्थेची मासिके निघाली, परिषदा भरू लागल्या. रामानुजनचा पहिला शोधनिबंधही १९११ साली याच संस्थेच्या मासिकात आला होता. आडगावात बसलेल्या माणसालाही गणिताच्या जगातली खबर मिळू शकते आणि आपली खबर त्या जगाला देता येते, ही सोय अशा रीतीने या देशात झाली. कापरेकरांनी ती सोय आयुष्यभर वापरली.

देवळाली म्हणजे त्या काळी लष्करी छावणी आणि हवा पालटायला येणाऱ्या मुंबईकरांची सॅनिटोरियमे. इंग्रज शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथल्या छावणीत महिनोन् महिने रिकामे बसत आणि त्या रिकामपणाने म्हणे त्यांचे डोके फिरे. त्यावरून वेड लागलेल्या माणसाला डूलॅली म्हणायची पद्धत इंग्रजीत रूढ झाली, ती अजून आहे. इंग्रजांनी आपल्या गावाचे नाव असे वेडाला दिले. कापरेकरांनी तेच नाव एका संख्याकुलाला दिले.

ते संख्याकुल समजायला सोपे आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतले तर २ आणि १ मिळून ३, म्हणजे २४ आले. तेव्हा २४ चा जन्म २१ पासून झाला. पण काही संख्यांना अशी जन्मदाती सापडतच नाही. २०, ३१, ४२, ५३ या तशा आहेत. जपमाळेतल्या मण्यांची १०८ ही संख्याही तशीच. अशा स्वयंभू संख्यांना देवळाली संख्या म्हणतात. त्याआधी १, १२१, १२३२१ अशा डौलदार संख्यांच्या घराण्याला त्यांनी डेम्लो हे नाव दिले होते, कारण ती कल्पना त्यांना जी.आय.पी. रेल्वेच्या डोंबिवली स्टेशनावर सुचली होती. डेम्लो संख्यांवरचे त्यांचे टिपण १९३८ साली सोसायटीच्या मॅथेमॅटिक्स स्टुडंट या मासिकात प्रसिद्ध झाले. अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना ते हर्षद म्हणत, म्हणजे आनंद देणाऱ्या. स्वतःला त्यांनी गणितानंद म्हणवून घेतले, आणि त्या नावाने लोक त्यांना ओळखतही.

आता ६१७४. त्यांच्याच जन्मसालाने सुरुवात करू. १९०५ चे अंक उतरत्या क्रमाने लिहिले की ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. वजाबाकी ९३५१. त्याचेही तसेच करा: ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. पुढे ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि सातव्या वेळी ६१७४. तिथून पुढे कितीही वजाबाक्या केल्या तरी ६१७४ च येतो. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत ती इथेच येऊन थांबते. हे कापरेकरांना १९४६ मध्ये दिसले आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते जाहीर केले. मग १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यावरचे त्यांचे छोटे टिपण आले. दिसण्यापासून छापून येण्यापर्यंत नऊ वर्षे गेली.

मी बँकेत लागलो तेव्हा संगणक यायचे होते. संध्याकाळी खतावणीचा मेळ बसला नाही, की जुने हेडकॅशियर फरकाच्या रकमेला नवाने भागून पाहायला सांगत. भाग गेला तर बहुधा कोणीतरी अंकांची अदलाबदल केलेली असे, ५४ च्या जागी ४५ लिहिलेले असे. अंक तेच ठेवून फक्त त्यांची जागा बदलली, तर दोन संख्यांतला फरक नवाच्या पटीतच येतो. कापरेकरांच्या वरच्या सगळ्या वजाबाक्या करून पाहा, प्रत्येकीला नवाने भाग जाईल. आम्ही कारकुनांनी त्या नवाचा उपयोग चूक शोधायला केला आणि घरी गेलो. कापरेकर त्याच वजाबाकीपाशी थांबले आणि पुढे काय होते ते पाहत राहिले. एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे.

विद्यापीठांतल्या काही गणितज्ञांना हे सारे क्षुल्लक वाटे. कापरेकरांची टवाळीही झाली. त्या टवाळीमागचा मुद्दा मात्र पोरकट नव्हता. रामानुजनला ओळखणाऱ्या हार्डीनेच १९४० साली आपल्या पुस्तकात अंकांच्या अशा गमतींचा मासला देऊन, या गोष्टी वर्तमानपत्रातल्या कोड्यांच्या सदराला शोभतील, गंभीर गणिताला त्यांत काही घेण्यासारखे नाही, असा निकाल दिला होता. कारण उघड आहे. आपल्याला दहा बोटे आहेत म्हणून आपण दहांत मोजतो. आठ बोटे असती तर ६१७४ चे हे माहात्म्य राहिले नसते. या आक्षेपात तथ्य आहे, आणि कादंबरीकार म्हणून उपेक्षित प्रतिभावंताचे करुण चित्र रंगवायचा मोह मला होत असला, तरी तो आक्षेप मी लपवणार नाही. कापरेकर हे रामानुजन नव्हते. पण क्षुल्लक काय आणि गंभीर काय हे ठरायलाही ती गोष्ट आधी कोणी तरी नोंदवून, तारीख घालून चारचौघांपुढे ठेवावी लागते. ते काम त्यांनी जिद्दीने केले.

कसे केले ते पाहण्यासारखे आहे. मासिके घेतील तेवढे त्यांनी मासिकांना दिले. बाकीच्याच्या पुस्तिका स्वखर्चाने छापल्या. डेम्लो संख्यांची पुस्तिका १९४८ ची, आवर्ती दशांशांच्या चक्रांवरची १९५० ची, स्वयंभू संख्यांवरची १९६३ ची. प्रकाशनस्थळ देवळाली. पहिल्या पुस्तिकेवर खरेवाडा असा पत्ता आहे. शाळामास्तराच्या पगारात छपाईचे बिल बसवायचे म्हणजे काय, हे कर्जाचे अर्ज तपासत आयुष्य काढलेल्या मला सांगावे लागत नाही. शिवाय शाळा-कॉलेजांतून बोलावणे आले की ते व्याख्यानाला जात. श्रोते विद्वान असोत की सातवीतली मुले, फळा आणि खडू मिळाला की पुरे.

१९६२ मध्ये ते निवृत्त झाले, १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. पेन्शन पुरेना म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या चालू ठेवाव्या लागल्या. आकडेही चालूच होते. १९७३ मध्ये कोपर्निकसच्या जन्माला पाचशे वर्षे झाली, त्या निमित्ताने त्यांनी एक जादूचा चौरस तयार केला. मग १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या गणिती खेळांच्या लोकप्रिय सदरात कापरेकरांविषयी आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिले. गार्डनरही गणिताचे प्राध्यापक नव्हते, पत्रकार होते. मद्रासच्या परिषदेनंतर सव्वीस वर्षांनी कापरेकरांचे नाव असे जगभर झाले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. आपल्याकडच्या पुष्कळांना देवळालीची बातमी त्यानंतर अमेरिकेहून कळली, हे आपल्या रीतीला धरूनच झाले. १९८६ साली ते गेले.

त्यांच्या हयातीतच, १९८१ मध्ये, अमेरिकेतल्या तिघा गणितज्ञांनी ६१७४ सारखे स्थिरांक दशमान पद्धतीत कोणकोणते निघतात, याचा पुरता निकाल लावणारा निबंध लिहिला. कापरेकर संख्यांची गोष्ट याहून रंगतदार आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे केले, २० आणि २५, तर बेरीज पुन्हा ४५. २०२५ साल उजाडले तेव्हा हे कोडे घरोघरच्या मोबाइलवर फिरत होते. पाठवणाऱ्यांपैकी कितींना देवळाली ठाऊक होते कोण जाणे. कापरेकरांना ही कल्पना रस्त्यावरच्या ३०२५ लिहिलेल्या, मधोमध दुभंगलेल्या पाटीवरून सुचली, अशी आख्यायिका सांगतात. ३० आणि २५ मिळून ५५, आणि ५५ चा वर्ग ३०२५. या संख्या कोड्यापुरत्या आहेत असेच पुष्कळ वर्षे धरले गेले. २००० साली व्हर्जिन आयलंड्सच्या विद्यापीठातले डग्लस इयानुची यांनी दाखवले, की ९, ९९, ९९९ अशा संख्यांच्या विशिष्ट विभाजकांशी त्यांचे पक्के नाते आहे, आणि त्या विभाजकांवरून या सगळ्या संख्या शोधून काढता येतात. पुन्हा तोच नऊ. तो निबंध ज्या नियतकालिकात आला, ते इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचायला मिळते. त्याच्या शीर्षकातच कापरेकरांचे नाव आहे.