पडद्याआडच्या बायकांची वकील

आमचं राजूर म्हणजे वणीजवळचं कोळशाच्या खाणीचं आणि चुन्याच्या भट्ट्यांचं गाव. कामाच्या निमित्तानं कुठकुठची माणसं इथं येऊन राहिली. माझ्या शेजारच्या भाभी त्यातल्याच. त्यांचे मिस्टर गेले, तेव्हा कागदपत्रांसाठी मी त्यांच्यासोबत एका कार्यालयात गेले होते. खोलीभर पुरुष. टेबलापलीकडून घरातल्या गोष्टी मोठ्यानं विचारल्या जायला लागल्या आणि बुरख्याआडून भाभींच्या तोंडून शब्द फुटेना. आम्ही तशाच परत आलो. पुढच्या खेपेला त्या टेबलावर एक बाई होत्या. त्यांनी बसायला खुर्ची दिली, हळू आवाजात विचारलं आणि अर्ध्या तासात काम झालं. कायदा तोच, कागदही तेच!

त्या दिवशी मला कॉर्नेलिया सोराबजी आठवली.

कॉर्नेलिया आपल्या नाशिकची. जन्म १५ नोव्हेंबर १८६६चा. वडील पारशी, पण त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला. म्हणजे आधीच मूठभर असलेल्या समाजातून बाहेर पडून आणखी वेगळं झालेलं हे घर. बालपण बेळगाव आणि पुण्यात गेलं. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवायची. वारसाहक्क, मालमत्ता यांची गाऱ्हाणी घेऊन बायका तिच्याकडे येत. लेकीनं ते लहानपणापासून पाहिलं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. परीक्षेत ती अव्वल आली होती. खरं तर विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, पण बाई म्हणून ती नाकारली गेली. काही इंग्रज हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८८९मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. १८९२मध्ये तिथली कायद्याची परीक्षा देणारी ती पहिली स्त्री ठरली. पदवी मात्र हातात पडली १९२२मध्ये. तब्बल तीस वर्षांनी!

भारतात परतल्यावरही वकिलीचं दार बंदच. मुंबईची एलएल.बी. झाली, अलाहाबादची वकिलीची परीक्षा झाली, तरी कोर्टात बाईनं उभं राहायचं नाही. मग तिनं वेगळीच वाट धरली. त्या काळी जमीनदार वारला आणि मागे विधवा किंवा अज्ञान मुलं उरली, की त्यांची इस्टेट ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’ हे सरकारी खातं सांभाळायचं. पण या बायका पडद्यात. परक्या पुरुषासमोर यायच्या नाहीत. मग मधला कारभारी किंवा दीर सांगेल तेच खरं धरलं जायचं.

या बायकांसाठी सरकारनं एक स्त्री कायदा सल्लागार नेमावी, असा आग्रह तिनं १९०२पासून धरला. १९०४मध्ये बंगालमध्ये तशी जागा निर्माण झाली आणि तीच त्या जागेवर बसली. पुढे बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असा तिचा मुलूख पसरला. वीसेक वर्षांत सहाशेहून अधिक बायका-मुलांना तिनं हक्क मिळवून दिले. बहुतेक घरं हिंदू किंवा मुसलमान, आणि ही पारशी-ख्रिस्ती! तरी आतल्या खोलीपर्यंत पोचली ती हीच. १९२३मध्ये कायदा बदलला आणि नंतर कलकत्त्याच्या हायकोर्टात तिला वकिली करता आली.

तिचं सगळंच पटतं असं नाही हं! स्वातंत्र्य चळवळीला तिचा विरोध होता, इंग्रज राजवटीवर तिचा फार विश्वास. त्यामुळे आपली माणसं तिच्यापासून दुरावली. ६ जुलै १९५४ला ती लंडनमध्ये वारली. स्वतंत्र देशात तिची आठवण फारशी कुणी काढली नाही, याचं एक कारण हेही असावं.

पण तिनं एक गोष्ट दाखवून दिली. सरकारात वेगवेगळ्या समाजांची माणसं, बायका असाव्यात, त्या काही नुसत्या शोभेसाठी नव्हे. त्या खुर्चीत कोण बसलंय, यावर समोरच्या माणसाला तोंड उघडता येतं की नाही हे ठरतं.

भाभींची लेक यंदा क्लार्कच्या परीक्षेचा फॉर्म भरणार आहे. नातेवाईक म्हणतात, आपल्या समाजाच्या मुलीला तिथं कोण घेणार? भाभींचंही मन डळमळतंय. मी त्यांना सांगितलं, कॉर्नेलियाच्या मागे कुठलाच कायदा नव्हता. आपल्या लेकीमागे राज्यघटनेचं कलम १६ आहे. धर्मावरून किंवा बाई म्हणून सरकारी नोकरीत भेदभाव करता येत नाही, असं त्यात लिहिलंय. कागदावरचं सगळंच खरं होतं असं नाही, हे मलाही कळतं. पण फॉर्मच भरला नाही, तर ते खरं व्हायचं तरी कसं?

भाभी अजून हो म्हणाल्या नाहीत. पण काल लेकीचा दाखला कपाटातून काढून टेबलावर ठेवलेला मी पाहिला. फॉर्म भरायला वणीला जायचं झालं, तर सोबत मीच जाणार आहे.