आल्फ्रेड बकहॅम

आल्फ्रेड जी. बकहॅम (१८७९–१९५६) हे हवाई छायाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले ब्रिटिश छायाचित्रकार होते. दाटलेले ढग, त्यांतून जाणारे इवलेसे विमान आणि खाली पसरलेले शहर, ही त्यांच्या चित्रांची ओळख होय.

जीवन

बकहॅम यांचा जन्म लंडनमध्ये झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. मात्र नॅशनल गॅलरीत टर्नर यांची चित्रे पाहून आल्यावर त्यांनी स्वतःची चित्रे जाळून टाकली, असे सांगितले जाते. पुढे ते छायाचित्रणाकडे वळले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेसाठी त्यांनी टेहळणीची छायाचित्रे घेतली. या काळात त्यांचे विमान नऊ वेळा कोसळले. नवव्या अपघातात गळ्याला गंभीर इजा झाली आणि उरलेले आयुष्य त्यांना गळ्यात बसवलेल्या लहान नळीतून श्वास घ्यावा लागला. पूर्णतः अपंग ठरवून त्यांना सेवामुक्त करण्यात आले. तरीही त्यांनी उड्डाण सोडले नाही. एक पाय आसनाला बांधून ते उघड्या विमानात उभे राहत आणि जड कॅमेरा हाताळत. १९३१ च्या सुमारास ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी त्यांनी मध्य व दक्षिण अमेरिकेवरून उड्डाणे केली.

चित्ररचना

त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत. जमीन नीट उमटावी इतका प्रकाश दिला, की आकाश पांढरे पडे. म्हणून बकहॅम ढगांच्या निगेटिव्ह वेगळ्या घेऊन त्यांचा मोठा संग्रह बाळगत. अंधारखोलीत जमीन एका निगेटिव्हवरून, आकाश दुसऱ्यावरून छापले जाई आणि विमान बहुधा सर्वांत शेवटी येई. सुमारे १९२० मधील एडिंबराचे त्यांचे सुप्रसिद्ध चित्र असेच जुळवलेले आहे.

उडत्या विमानाचे छायाचित्र घेणारा इतर कोणी विमान जिथे सापडले तिथून कडा कापत चौकट बसवतो. नाकापुढे मोकळे आकाश राखतो. बकहॅम यांचा क्रम उलटा होता. चौकट आधी ठरे, विमानाची जागा नंतर. ते लहान ठेवल्यामुळेच ढगांची उंची जाणवते.

या पद्धतीला बनवाबनवी म्हणणे सोपे आहे. परंतु टेहळणीच्या छायाचित्रात अचूकतेचे मोल काय असते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. निसर्गदृश्यात मात्र त्यांनी अचूकतेपेक्षा त्या स्थळाच्या भावाला जाणीवपूर्वक महत्त्व दिले. एडिंबराचे ते चित्र स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहात आहे.