सॉसेजचे विष चाखणारा कवी-डॉक्टर
सुरकुत्या घालवणाऱ्या बोटॉक्सची गोष्ट थेट जर्मनीतल्या वाइन्सबर्गपर्यंत मागे जाते. जुस्टिनुस केर्नर (१७८६-१८६२) तिथले सरकारी डॉक्टर, शिवाय नावाजलेले कवी. खराब सॉसेज खाऊन माणसे दगावत होती. पापण्या मिटायच्या, घास गिळता यायचा नाही, श्वास थांबायचा. शुद्ध मात्र शाबूत! केर्नर यांनी १८२२च्या ग्रंथात असे १५५ रुग्ण नोंदवले. प्राण्यांवर प्रयोग केलेच, पण विषाचा अर्क स्वतःही चाखला. धाडस म्हणावे की वेडेपणा? हे विष मज्जातंतूंचे संदेश अडवते, तेव्हा अगदी थोड्या मात्रेत ते औषध ठरेल, असा त्यांचा तर्क होता. विष तयार करणारा जिवाणू बेल्जियममध्ये सापडला १८९५ साली; केर्नर जाऊन तेव्हा ३३ वर्षे झाली होती. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेने या इंजेक्शनला मंजुरी दिली २००२मध्ये.