वळणांचा हिशेब मांडणारे पिएर बेझिए

संगणकाच्या पडद्यावरील एखादा वैज्ञानिक आलेख मोठा करून पाहिला, की त्याची जात कळते. काही आलेखांच्या रेषा मोठ्या होताच पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागतात, अक्षरे धुरकट होतात. काही आलेख मात्र भिंतीएवढे केले तरी त्यांची रेषा सुबक राहते. पहिल्या प्रकारात रंगीत ठिपके साठवलेले असतात. दुसऱ्या प्रकारात साठवलेली असते ती रेषा कोठून निघून कोठे वळावी, याची सूचना. या दुसऱ्या प्रकाराला 'व्हेक्टर' चित्र म्हणतात आणि त्यातील वळणांना पिएर बेझिए या फ्रेंच अभियंत्याचे नाव आहे. गंमत अशी, की बेझिए यांचा पेशा ना चित्रकाराचा होता ना संगणकशास्त्रज्ञाचा. त्यांची हयात गेली मोटारींच्या कारखान्यात.

१ सप्टेंबर १९१० रोजी पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील आणि आजोबा दोघेही अभियंते. घराण्याच्या वाटेनेच जात त्यांनी १९३० मध्ये यंत्र अभियांत्रिकीची आणि पुढच्याच वर्षी विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. १९३३ मध्ये ते रेनॉ कंपनीत रुजू झाले आणि १९७५ पर्यंत, म्हणजे तब्बल ४२ वर्षे, तेथेच राहिले. सुरुवात झाली ती यंत्रावर हत्यारे जुळवण्याच्या कामापासून. दोन पदव्या गाठीशी असलेल्या तरुणाने अंगावर तेलाचे डाग घेत केलेले हे काम पुढे आयुष्यभर उपयोगी पडले. कागदावरचे ड्रॉइंग आणि प्रत्यक्ष कापले गेलेले लोखंड यांच्यात किती अंतर पडते, हे त्यांनी तेथेच पाहिले.

दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांचे युद्धकैदी झाले. त्या सक्तीच्या रिकामपणात त्यांनी स्वयंचलित यंत्रांच्या रचनेवर विचार चालू ठेवला. १९४५ मध्ये ते हत्यारांचा आराखडा करणाऱ्या विभागाचे प्रमुख झाले. रेनॉच्या '४ सीव्ही' या छोट्या, लोकप्रिय मोटारीचे बहुतेक यांत्रिक भाग ज्या स्वयंचलित यंत्रसाखळीवर तयार झाले, तिच्या रचनेची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या फ्रान्सला पुन्हा चाकांवर उभे करण्यात अशा यंत्रांचा वाटा मोठा होता.

इंजिनाचे भाग यंत्रे बिनचूक करू लागली होती. प्रश्न उरला होता तो मोटारीच्या बाह्यांगाचा. बॉनेटचा उतार, मडगार्डची गोलाई यांचे मोजमाप कसे करायचे? कलाकार मातीचा नमुना करी, ड्राफ्ट्समन त्यावरून पूर्णाकृती ड्रॉइंग काढी, त्यावरून लाकडी किंवा प्लास्टरचा मूळ नमुना बने आणि शेवटी पत्रा दाबण्याचे डाय तयार होत. प्रत्येक टप्प्यावर थोडा फरक पडे. शेवटी दोन पत्रे एकमेकांत बसले नाहीत, की खरे माप कोणते यावरून वाद होत. नमुना खरा, ड्रॉइंग खरे की डाय, याला निर्णायक उत्तर नव्हते.

बेझिए यांना नेमके हेच खटकत होते. १९६० मध्ये त्यांनी या प्रश्नाला हात घातला. आकाराची व्याख्या आकड्यांतच करावी. म्हणजे कलाकार, ड्राफ्ट्समन आणि यंत्र या साऱ्यांना एकच आधार मिळेल, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी त्यांनी एक सुंदर कल्पना लढवली. एका घनाच्या आत एक साधी वक्ररेषा आहे, असे समजा. तो घन ताणला, तिरपा केला, की आतली रेषाही त्याबरोबर बदलेल. म्हणजे रेषेला थेट हात लावण्याची गरजच नाही. बाहेरची चौकट हलवली की पुरे.

ही कल्पना पुढे सुटसुटीत झाली. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या रूपात चार बिंदू पुरतात. रेषा पहिल्या बिंदूपासून निघते, चौथ्यावर संपते. मधले दोन तिला आपल्याकडे ओढतात, पण साधारणपणे ती त्यांना स्पर्श करीत नाही. सपाट कागदावर प्रत्येक बिंदूचे दोन आकडे. म्हणजे अवघ्या आठ आकड्यांत एक डौलदार वळण. गणिताची भीती वाटणाऱ्या कलाकारालाही बिंदू सरकवून आकार बदलता येऊ लागला. या रेषांमागचे गणित रशियन गणितज्ञ सर्गेई बर्नस्टाइन यांच्या १९१२ मधील बहुपदींशी जुळते, हे केंब्रिजच्या रॉबिन फॉरेस्ट यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले.

कारखान्यात मात्र या कल्पनेचे स्वागत थंडपणे झाले. ही पद्धत एवढी चांगली असती तर अमेरिकनांनी ती आधीच शोधली असती, असाही सूर निघाला. बेझिए यांनी वाद घालण्यापेक्षा यंत्र चालवून दाखवण्याचा मार्ग पत्करला. 'युनिसर्फ' या नावाची त्यांची प्रणाली १९७५ पासून रेनॉमध्ये पूर्णपणे वापरात आली.

या यशाला एक बोचरी किनारही आहे. सित्रोएन या प्रतिस्पर्धी कंपनीतील पॉल द कास्तेलझो या गणितज्ञाने १९५९ मध्येच अशाच वक्ररेषांची मांडणी केली होती. परंतु कंपनीने ते काम गुप्त ठेवले. बेझिए यांनी मात्र आपले काम निबंधांतून प्रसिद्ध केले. परिणामी रेषेला बेझिए यांचे नाव लाभले आणि त्या रेषेवरील बिंदू काढण्याच्या रीतीला द कास्तेलझो यांचे. द कास्तेलझो २०२२ मध्ये निवर्तले. ज्ञान तिजोरीत ठेवले तर त्याच्यावरचे नावही तिजोरीतच राहते, एवढे या कथेतून नक्कीच दिसते.

१९६८ ते १९७९ या काळात बेझिए यांनी पॅरिसमध्ये उत्पादन अभियांत्रिकीचे प्राध्यापक म्हणूनही काम केले. १९७७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. १९८५ मध्ये संगणक-आलेखन क्षेत्रातील मानाच्या स्टीव्हन कून्स पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. २५ नोव्हेंबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले.

तोवर त्यांची रेषा कारखान्याबाहेर पडली होती. १९८४ मध्ये अडोबी कंपनीने आणलेल्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेने ती स्वीकारली. पुढे पीडीएफ आणि २००१ मध्ये मान्यता पावलेल्या एसव्हीजी या स्वरूपांतही ती आली. आज संशोधकाला एकाच प्रयोगातून शेकडो आलेख काढावे लागतात. ते एकेक करून माउसने साठवत बसण्याऐवजी तो काही ओळींची आज्ञावली लिहितो. माहिती वाच, रेषा काढ, अक्ष लिही आणि एसव्हीजी म्हणून साठव. मॅटप्लॉटलिबसारख्या साधनात फाइलच्या नावाचा शेवट बदलला, तरी ठिपक्यांऐवजी व्हेक्टर चित्र मिळते. उद्या मोजमाप सुधारले, तर तीच आज्ञावली पुन्हा चालवायची. सारे आलेख एकाच शिस्तीत नव्याने तयार.

त्या फाइलमध्ये मोजमापांना जोडणाऱ्या रेषा बहुधा सरळ तुकड्यांच्या असतात. पण बिंदूंची वर्तुळे आणि अक्षांवरील अक्षरे बेझिए यांच्या वळणांनी बनतात. परिपूर्ण वर्तुळ मात्र या रेषेला काढता येत नाही. चार तुकडे जोडून काढलेल्या वर्तुळात त्रिज्येची चूक दहा हजारांत तीन भागांहूनही कमी असते, आणि डोळ्याला तेवढे पुरते. लाखो त्रिकोणांच्या त्रिमितीय चित्रात व्हेक्टर फाइल अवजड होते. तेथे चित्राचा गाभा ठिपक्यांत आणि अक्षरे रेषांत ठेवण्याची तडजोड करावी लागते.

मराठी वाचकांचाही या अभियंत्याशी रोजचा संबंध आहे. पडद्यावरील देवनागरी फाँटमधील 'क'ची गाठ, 'ळ'ची दोन वर्तुळे, वेलांटीचा झोक, हे सारे अशाच वळणांत साठवलेले असते. मोटारीच्या पत्र्याचे भांडण मिटवण्यासाठी शोधलेली रेषा आज आपली अक्षरे वळवते आहे.